आकारामाचं नाक आणि हंबीररावांचं गळू

सन १९५२. पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याला बारा दिवस उरले असताना कोल्हापूरच्या गूळबाजारातलं सर्वांत वजनदार नाक बंद पडलं. नाक आकारामाचं. हंबीरराव अडत्यांच्या दुकानी तो गुळाचा रवा, म्हणजे ढेप, नुसता हुंगायचा आणि सांगायचा की ऊस कुठल्या गावचा, चुलाण कुणाचं, आणि गुळव्या त्या दिवशी बायकोशी भांडला होता का. यातलं तिसरं मी स्वतः घरोघर जाऊन पडताळलंय.

आता त्याच्या डोळ्यांखाली ठणका आणि कपाळ धोंड्यासारखं जड. त्याच सकाळी पाणावल्या डोळ्यांनी तो रव्यांच्या ओळीवर वाकला, हुंगला आणि म्हणाला, "पिवळा हाय, पण आतनं कच्चा."

ते ओळीमागं बसलेल्या हंबीररावांचं टक्कल होतं.

"आकाराम," मानेवरचं गळू चाचपत हंबीरराव म्हणाले, "पाडव्याला नाक चालू पायजे. न्हायतर गादीवर दुसरा बसंल."

दोघं अंबादास डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी गाल दाबून पाहिले. "वाफ घ्या, कोमट मिठाच्या पाण्यानं नाक धुवा. दहा दिवसांत मोकळं होईल. ताप चढला, दुखणं वाढलं तर परत या. पेनिसिलिन नको."

"मग आम्ही आलो कशाला?" हंबीररावांनी विचारलं.

"तपासायला."

"ते झालं की. आता इलाज करा."

बिनसुईचा इलाज ऐकून बाजार हादरला. व्यापाऱ्यांनी तातडीनं 'नासिका पुनःस्थापना समिती' नेमली आणि फॉर्म छापून घेतला. एकूण नाकपुड्या. पैकी बंद. टोचलेल्या सुया. खाली तळटीप : शेवटचा रकाना कोरा असल्यास नाक अमान्य.

आकारामाच्या बायकोनं, शालूबाईनं, दहा दिवस त्याला चादरीखाली भाताच्या तपेल्यासारखं वाफवलं. नाक उघडलं. तो समितीपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "बाळासो, कोटाच्या डाव्या खिशात परवाची भजी हाय."

अध्यक्ष बाळासोंनी भजी काढून टेबलावर ठेवली. ठराव झाला की नाक उघडं आहे.

"पण उघडलं कशानं?"

"वाफेनं."

"वाफेला रकाना न्हाय, गड्या. आपसूक उघडलेलं नाक आपसूक मिटतंय. भर सौद्यात मिटलं तर जबाबदार कोण?"

हंबीररावांनी आकारामाला पुन्हा दवाखान्यात ओढत नेलं.

"बऱ्या माणसाला मी टोचणार नाही," डॉक्टर म्हणाले. मग त्यांची नजर हंबीररावांच्या मानेवर गेली. "हे गळू मात्र पसरतंय. तुम्ही पालथे व्हा."

दोन दिवसांत चार सुया झाल्या. फॉर्मात सुया किती, एवढंच विचारलं होतं. कुणाला, ते नव्हतं. चार लिहिल्या. समितीनं शिक्का मारला.

पाडव्याला आकाराम गादीवर बसला. हंबीरराव दिवसभर उभेच होते. बसण्याची सोय राहिली नव्हती.

सौदा असा दणक्यात झाला की तेव्हापासून शिवाजी पेठेत कुणाचं नाक चोंदलं की लोक रोग्याला घरी ठेवतात आणि हंबीररावांना टोचून आणतात. दहा दिवसांत गुण येतो.

हसा खुशाल. पण परवा, डॉक्टरनं नुसती वाफ सांगितल्यावर, 'ह्याला काय कळत न्हाय' म्हणत समोरच्या दवाखान्याची पायरी चढणारी पाठ कुणाची होती, ते मी पानाच्या ठेल्यावरून पाहिलंय. सदरा ओळखीचा होता.