भागाबाईचा पाय आणि गोंदाजीचे वाडगे

अकोल्याहून अमरावतीला बदलून आलो, त्या पहिल्याच आठवड्यात मी शेजाऱ्याचा वाडगा घासूनपुसून, लख्ख करून, रिकामा परत केला. बायको माहेरी होती. वाडग्यातून आलेली वांगी मी करपवून का होईना, खाल्ली होती. राखेनं भांडं घासताना बोटही कापून घेतलं होतं. आपण किती नेटके गृहस्थ, अशा आनंदात मी तो वाडगा कुंपणावरून मळेवाल्या गोंदाजीच्या हातात दिला. त्यानं आत पाहिलं. उलटा करून झटकला. पुन्हा आत पाहिलं.

"बाबूजी, वाडगा उपाशी आला."

मला वाटलं, आणखी वांगी देतोय. "नको नको, पोट भरलं," मी म्हणालो.

"तुमचं भरलं. वाडग्याचं काय?"

मळ्यातला नवा भाजीपाला आमच्याकडे आधी शेजारी जातो. त्याला वानोळा म्हणतात, आणि वानोळ्याचं भांडं रिकामं धाडायचं नसतं. गुळाचा खडा, मूठभर तांदूळ, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. मी जन्माचा वऱ्हाडी, मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण आमच्या घरी भांडी परत करण्याचं खातं आईकडून थेट बायकोकडे गेलं. मध्ये माझं टेबल लागलंच नाही.

बाकी लोकांचा हा रिवाज होता, गोंदाजीचं ते व्यसन होतं. पोस्टमननं पत्र दिलं की हा त्याच्या पिशवीत मुळा खुपसणार, मग पत्रात कुणी गेल्याची बातमी का असेना. डॉक्टरनं नाडी पाहून हात सोडला की डॉक्टरच्याच हातात काकडी. देवळात प्रसादाचा द्रोण मिळाला तर त्यात झेंडूचं फूल घालून द्रोण पुजाऱ्याला परत. कुणी शिवी दिली तर तीसुद्धा ठेवून घेत नसे. भर घालून परत करी.

सगळ्यात जास्त देवघेव चाले ती त्याच्या बायकोशी, भागाबाईशी. आमच्या परसाला लागून त्यांचा मळा, त्यामुळे आम्हाला ऐकण्यासाठी कुठं जावं लागत नसे.

"या बाईनं मायं डोस्कं खाल्लं!"

"त्यात होतं काय खायाले?" वांग्यांच्या वाफ्यातून भागाबाई.

तीस वर्षं हे असं चाललं होतं. मग एका पौषात मोर्शीहून संत्र्यांची गाडी आणताना बैल बुजले, गाडी उलटली आणि भागाबाई चाकाखाली आली. जखम चिघळली. दवाखान्यात तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

घरी आल्यावर महिनाभर मळ्यात भांडण ऐकू आलं नाही. आमच्या घरात कुणाला चैन पडेना.

भाजीबाजारात भागाबाईची ठरलेली जागा होती. गोंदाजी तिला हातगाडीवर बसवून तिथं नेऊ लागला. पदर तोंडावर ओढून ती बसे. एकदा फाटकाशी तिचा आवाज फुटला : "मी काय भोपया हाये, गाड्यावर घालून न्यायाले? मले मायी मी जाऊ द्या, नाई त घरीच मरू द्या!"  गोंदाजी गाडी ढकलत राहिला.

डॉक्टरनं सांगितलं, मुंबईला एक कारागीर लाकडाचामड्याचे पाय करतो. दोनशे रुपये पडतील. पण पावसाळ्याच्या आत बसवा. बसून बसून गुडघा आखडला की मग पाय येऊनही फुकट.

मी मोठ्या मनानं पाच रुपये काढले. मोठं मन म्हणजे, आधी दोन काढले होते. बायकोनं पाहिलं म्हणून पाच झाले. गोंदाजीनं हात मागे घेतला.

"मी भीक मांगून नाई राहिलो, बाबूजी."

इथं मला ती युक्ती सुचली. मी डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नकलनवीस. जन्मभर दुसऱ्यांच्या मजकुराच्या नकला केल्या, स्वतःची कल्पना अशी ती पहिलीच. तिचं कौतुक मला किती वाटलं असेल पाहा. गल्लीत चाळीस घरं. गोंदाजीनं चाळीस वाडगे वानोळा पाठवायचा. आणि मी घरोघर आधीच सांगून ठेवायचं की यंदा वाडग्यात गूळ-साखर नको, नाणं घाला. भीक नाही, दान नाही. नुसतं भांडं रिकामं परत करायचं नाही, एवढंच.

पहिल्या दिवशी वाडगे खणखणत परत आले. मी बायकोकडे असं पाहिलं, की जणू नागपूरहून मला बढतीचा हुकूम आलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडतो तो उंबऱ्यावर वाडगा. वांगी. शिगोशीग. मागे गोंदाजी.

"अहो गोंदाजी, काल झालं ना?"

"काल तुमचा वाडगा रुपया घेऊन आला. मंग आता बारी कोनाची? मायी!"

मी डोक्याला हात लावला. त्याच्या हिशेबी भरलेलं भांडं आलं, की ते भरून परत गेलंच पाहिजे. ते पुन्हा आलं, की पुन्हा. बाजारात विकायची वांगी चाळीस घरांत फिरू लागली. इकडे नाणी येत, तिकडे बाजारचं उत्पन्न बुडे. पंधरा दिवसांत गल्लीनं वांग्याचं भरीत, भाजी, भात, काचऱ्या, लोणचं सगळं करून पाहिलं. समोरचे वकील मागच्या दारानं कोर्टात जाऊ लागले. मला रस्त्यात कुणी नमस्कार करेना. "ते पाहा, वांगेवाले चालले," असं मागून ऐकू येई. आणि ऊन तापत चाललं होतं. भागाबाई खाटेवर गुडघा दाबत बसलेली दिसे.

"झाली तुमची अक्कल चालवून?" एका सकाळी बायको म्हणाली. "आता मी बघते."

चैत्रातलं हळदीकुंकू दरवर्षी आमच्याकडे होई. त्या वर्षी तिनं ते भागाबाईच्या अंगणात मांडलं. गल्लीतल्या बायका आल्या. खाटेवर बसलेल्या भागाबाईची एकेकीनं ओटी भरली : तांदूळ, नारळ, खण, आणि खणाखाली कुणाचा रुपया, कुणाच्या दोन अधेल्या. वकिलीणबाईंनी दहाची नोट घडी घालून सरकवली. मागच्या दाराचा कंटाळा त्यांनाही आला असावा. भागाबाई पदर धरून बसली होती आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी तांदळात पडत होतं.

गोंदाजी आत-बाहेर करीत होता. वाडगे शोधत होता.

"वैनी, याले परत काय देऊ?"

"ओटी परत करायची नसते, गोंदाजी," बायको म्हणाली. "आणि ती तुमची नव्हे. तिची आहे."

गोंदाजीचं तोंड उघडं राहिलं. जन्मात पहिल्यांदा तो काही न देता उभा होता. हातांचं काय करावं, हे त्याला कळेना.

वाडग्यांतली नाणी आणि ओटीतले रुपये मिळून पायाची सोय झाली. कारागिराचं पत्र आलं : चांगल्या पायाची आकृती कागदावर काढून धाडा, तीच उलटी करून दुसरा करू. मी फुलस्केप, पेन्सिल घेऊन गेलो, बायकोही आली. भागाबाईनं डावा पाय कागदावर ठेवला.

"हे नाई चालत," गोंदाजी म्हणाला.

"का बुवा? दोन्ही पाय सारखेच की."

"कोन म्हन्ते? उजव्याचा अंगठा जरासा भाईर होता तिचा. चालताना आंधी तोच टेके."

"आता माय!" भागाबाई म्हणाली. "तीस वर्सांत मायाकडे सुदं पाह्यलं नाई, अन् अंगठा पाह्यला?"

तो उठला. आम्हाला खूण करून मळ्यात निघाला. सगळा मळा हिरवा, आणि पार टोकाचा एक वाफा मात्र वाळून गेलेला. वांग्याची झाडं उभी जळली होती. मध्ये एक टोपली पालथी, वर दगड. गोंदाजीनं दगड उचलला, टोपली काढली.

खाली वाळलेल्या काळ्या मातीत एक पाऊल उमटलेलं होतं. उजवं. अंगठा जरासा बाहेर. टाचेतून एक बारीक भेग गेली होती.

"गाडी उलटली त्याच्या आदल्या रोजी तिनं इथं पानी देल्लं होतं," तो म्हणाला. "मंग मी इकडे पानी नाई सोडलं. वाफा गेला. जाऊ द्या."

मी कागदाला डाग न पाडता हजारो नकला केल्या असतील. त्या दिवशी पेन्सिल मी बायकोपुढे केली. बायकोनं ती माझ्या हातातून घेतली, उकिडवी बसली, काडीनं माप घेत घेत एकेक बोट कागदावर उतरवलं. गोंदाजी वरून सांगत होता, "अंगठा आजून जरासा भाईर... आं, बस." मग टोपली जशीच्या तशी झाकून म्हणाला, "तिले नका सांगू. डोक्यावर बसन माया."

मृगाच्या आधी पाय आला. आठवडाभर भिंत धरून, मग काठी धरून, आणि एका बाजाराच्या दिवशी भागाबाई आमच्या दारावरून निघाली. गोंदाजी चार पावलं मागे, दोन्ही हात पुढे करून.

"हयू चाल! पाटलाच्या घोडीवानी कावून पयून राहिली?"

"तुमी तोंड सांभाया! पायाचं मले पाहू द्या!"

आमच्या घरात सगळ्यांना त्या दिवशी जेवण गोड लागलं.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं देवीला निघालो. मी नेहमीसारखा दहा पावलं पुढे. आमच्या घराण्यात नवरे पुढेच चालतात. मागे कोण येतंय याची चौकशी देवळात पोचल्यावर करतात. अर्ध्या वाटेत काय वाटलं कोण जाणे, मी थांबलो आणि वळून तिच्या पावलांकडे पाहत उभा राहिलो.

ती घाईघाईनं जवळ आली. आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग वहाणेकडे.

"का हो, थांबलात का? काटा रुतला का पायात?"