बिबड्यांची खोली आणि बेपत्ता रॅम

“नजर घारीची, कान सशाचे, बुद्धी कोल्ह्याची!” नवल भाऊ स्वतःची ओळख अशी करून देत. ती ऐकताना हिलाल नानांना दर वेळी प्रश्न पडे, की मग यात माणसाचं काय राहिलं? पण नाना भाऊंचे सहायक होते आणि प्रश्न विचारायचं काम भाऊंचं होतं.

भाऊंनी नोकरीची सगळी वर्षं बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत काढली होती. जन्मभर चौकशी केलेला माणूस निवृत्तीनंतर गुप्तहेर होणार नाही तर काय होणार, असा त्यांचा सवाल. खरं तर चौकशी प्रवाशांनी केली होती. भाऊंनी फक्त “येईल, बसा” एवढंच सांगितलं होतं. पण तेही इतक्या खात्रीने, की लोक बसत.

धुळ्यातल्या देवपुरात हिलाल नानांच्या घराच्या माडीवर संगणक शौकीन मंडळ भरे. मंडळाची दौलत म्हणजे एक म्हातारा संगणक. त्याच्या पडद्याला पुढे काच आणि मागे भलंमोठं पोट. मंडळींना संगणक चालवण्यापेक्षा उघडण्याची हौस जास्त. त्यांचा एकच धर्म होता: आतली बोटभर हिरवी पट्टी, म्हणजे रॅम, काढायची, तिचे पिवळे दात खोडरबराने घासायचे, फुंकर मारायची आणि परत खोचायची. संगणक बिघडला तर घासायची आणि चांगला चालत असला तर तो बिघडू नये म्हणून घासायची.

दर वर्षी माघात जळगावचं मंडळ धुळ्याला स्नेहसंमेलनाला येई. वांगी त्यांची, भरीत-भाकरी नानांच्या घरची आणि जेवणाआधी धुळ्याच्या संगणकाचं दर्शन. गेली काही वर्षं दर्शन काळ्या पडद्याचंच झालं होतं. यंदा नानांच्या बायकोने, भिकुबाईंनी, निकालच लावला.

“पाहुण्यांना पहिली भाकर वाढेपर्यंत तुमनं मशीन चालू झालं तर खोली तुमची,” त्या म्हणाल्या. “नही झालं, तर डबडं भंगारात आणि खोली मनी. गच्चीवर बिबडे वाळत टाकले की हायवेची बठ्ठी धूळ त्यांच्यावर. इथं काचेतून दिवसभर ऊन येतं, अन् ते खातंय कोण? तर तुमचं डबडं!”

बिबडे म्हणजे खान्देशी ज्वारीचे पापड. भिकुबाईंच्या बिबड्यांना तीन गल्ल्यांमध्ये मान होता. नानांना मात्र या खोलीबाहेर कुठेच मान नव्हता. खोली गेली की मंडळ गेलं, मंडळ गेलं की रविवार गेला आणि रविवारी घरात बसून करायचं काय? बिबडे थापायचे! नानांना रात्रभर झोप लागली नाही.

संमेलनाच्या दिवशी सकाळी संगणक चालू केला, तर पडदा काळा आणि डब्यातून आवाज येऊ लागला, “टीं! टीं! टीं!”

मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा तौफिक हा मंडळातला एकमेव जाणता माणूस. त्याने झाकण काढलं आणि आत पाहून म्हणाला, “नाना, रॅमच नाही हो. जागा रिकामी.”

“कोणी हलू नका!” नवल भाऊ गरजले. कोणी हलत नव्हतंच. “चोरी! आणि यंत्र स्वतः साक्ष देतंय. तीन वेळा टीं, म्हणजे चोर तीन.”

“भाऊ, ते थांबेपर्यंत वाजतच राहतं,” तौफिक म्हणाला.

“म्हणजे टोळी आहे.”

भाऊ भिंग घेऊन डब्यात वाकले. तळाशी करडा भुगा होता. त्यांनी तो चिमटीत धरला, हुंगला आणि डोळे मिटले. “नदीकाठची माती. चोर पांझरा ओलांडून आलाय.”

“खोडरबराचा भुगा आहे तो.”

“उत्तम! म्हणजे चोर खोडरबर बाळगणारा आहे. खोडरबर कोण बाळगतं? ज्याच्या हातून चुका होतात तो. सगळ्यांनी खिसे उलटे करा!”

मंडळींनी खिसे उलटे केले. सहा खिशांतून सहा खोडरबरं निघाली. सातवं भाऊंच्या स्वतःच्या खिशातून निघालं, ते त्यांनी ‘पुरावा’ म्हणून दुसऱ्या खिशात ठेवलं.

मग हळूहळू उघड झालं, की आदल्या संध्याकाळी प्रत्येकाने माडीवर एकेक गुपचूप फेरी मारली होती. तौफिकने रॅम घासली होती. तौफिकचं घासणं वरवरचं असतं म्हणून नानांनी घासली होती. नानांचा हात थरथरतो म्हणून आणखी चौघांनी घासली होती.

“आणि शेवटी?” नानांनी विचारलं.

“शेवटी मी,” भाऊ म्हणाले. “पण मला वगळा. तपास करणारा संशयित नसतो, असा नियम आहे.”

“कोणाचा नियम?”

“माझा.”

एवढ्यात जळगावच्या मंडळाच्या प्रमुख, निवृत्त शिक्षिका निलोफर मॅडम यांचा फोन आला. भाऊंनी तो नानांच्या हातातून ओढून घेतला.

“मॅडम, माल सोबत आहे का?” त्यांनी आवाज खोल करून विचारलं.

“हो भाऊ, भरपूर आणलाय. हिरवागार, मस्त लांबट आहे. पारोळा सोडलं आम्ही, पोहोचतोच.”

भाऊंनी फोन ठेवला. “ऐकलंत? हिरवा आणि लांबट! कबुली दिली बाईंनी.”

“अहो, भरताची वांगी हिरवीच असतात!”

“तीच तर चलाखी, नाना. हिरव्या वांग्याच्या पोटात हिरवी पट्टी! पोलीस तपासतील, कुत्रे हुंगतील, पण वांगं कोण फोडणार?”

जळगावची मंडळी आली तेव्हा भाऊ दारात सुई घेऊन उभे होते. रामराम-सलाम व्हायच्या आत त्यांनी पोतं ताब्यात घेतलं आणि एकेक वांगं भोसकायला सुरुवात केली. निलोफर मॅडम कौतुकाने पाहत राहिल्या.

“अरे वा, भाजण्याआधी टोचून ठेवताय! आमच्याकडे पुरुष एवढी मदत करत नाहीत हो.”

“बाई, हे सगळं कधीपासून चालू आहे?” भाऊंनी दरडावलं.

“वांगी ना? दिवाळीपासून.”

भाऊंनी नानांकडे अर्थपूर्ण पाहिलं. नानांनी जिन्याकडे पाहिलं. मंडळी माडीवर येईपर्यंत खाली अंगणात कापसाच्या पऱ्हाट्या पेटल्या होत्या, वांगी भाजल्याचा वास माडीपर्यंत येत होता आणि परातीत भिकुबाईंच्या भाकरीचं पीठ मळून तयार होतं. नानांच्या खोलीचं आयुष्य आता एका भाकरीएवढं उरलं होतं.

भिकुबाई पदर खोचून वर आल्या. “काय व्हयनं? सापडला का चोर?”

“वांग्यांनी अजून तोंड उघडलेलं नाही,” भाऊ म्हणाले.

“मग सरका. पंगत इथंच बसवायची शे. हे टेबल तेवढं बाहेर काढते. तसंही आज काढायचंच शे!”

“वहिनी, घटनास्थळाला हात लावू नका!”

“घटनास्थळ गेलं चुलीत! निलोफरताई, धरा बरं तिकडून.”

दोघींनी टेबल उचलून बाजूला ठेवलं. भिकुबाई खाली वाकल्या आणि टेबलाच्या पायाखालची, फरशीला चिकटलेली एक हिरवी पट्टी त्यांनी नखाने सोडवली.

“अन् हे काय बाई?”

तौफिकने पट्टी हातात घेतली. “रॅम! टेबलाखाली कोणी घातली?”

भाऊंनी घसा साफ केला. “घासायला रॅम काढून ठेवली, तर टेबल डुगडुगत होतं. शास्त्रोक्त घासायचं तर टेबल स्थिर हवं. तिथे एक बेवारस हिरवा तुकडा पडला होता, तो मी पायाखाली सारला आणि मग घासायला रॅम शोधू लागलो. ती मिळेना. म्हटलं, सकाळी बघू.”

“म्हणजे चोर तुम्हीच!” नाना ओरडले.

“मी पहिल्यापासून म्हणत होतो,” भाऊ शांतपणे म्हणाले, “हे बाहेरच्याचं काम नाही.”

तौफिकने पट्टी खोचली. पडदा आधी करडा झाला, मग निळा, मग त्यावर चित्रातली गवताळ टेकडी उगवली. जळगावकरांनी टाळ्या वाजवल्या. भिकुबाईंनी खाली अंगणाकडे पाहिलं. तव्यावर अजून एकही भाकर पडली नव्हती. पंगतीची घाई केली नसती, तर खोली त्यांची होती.

“बोलली ते बोलली,” त्या म्हणाल्या. “खोली तुमनी.” पण आवाजात इतकं दुःख होतं, की नानांनाच राहवलं नाही.

“हे बघ, टेबलाला एक कोपरा पुरे. बाकी खोलीत टाक तुझे बिबडे.”

महिनाभरात कोपराही उरला नाही. एक ओला बिबडा जागेअभावी पडद्याच्या तापलेल्या पोटावर पडला आणि घटकाभरात खडखडीत वाळला. उन्हापेक्षा छान, बिनधुळीचा. तेव्हापासून देवपुरातला तो संगणक पहाटेच चालू होतो. एवढा वेळ त्यावर काय चालतं, असं निलोफर मॅडमनी फोनवर विचारलं, तेव्हा नाना म्हणाले, “ज्वारीचं काम चालू आहे.”

मंडळ हल्ली खाली ओट्यावर भरतं. संगणकाला हात लावायची परवानगी कोणालाच नाही. नवल भाऊंना तर माडीचा जिनाही बंद आहे. गेल्या आठवड्यात दोन बिबडे कमी भरले होते आणि भाऊंनी तपासाला नकार दिला होता.