मास्तरांचा तिसरा डोळा

किहीमच्या पुळणीवरच्या फुटबॉल सामन्यात गेल्या वर्षी पंच असलेल्या हरेश्वर मास्तरांनी एक गोल नाकारला आणि चहावाल्या रामजीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. गोल रामजीच्या मुलाचा होता. रामजीने तो पाहिलाही नव्हता, पोराने सांगितलं तेवढं त्याला पुरेसं होतं. मास्तर रोज त्याच्याच टपरीवर चहा घेत, रामजीही इमानेइतबारे देत असे, पण सगळा कारभार बायकोमार्फत. "काशी, मास्तरांना इचार, साखर कमी का?" वीस वर्षांच्या दोस्तीचं असं झालेलं मास्तरांच्या जिवाला फार लागलं होतं.

"यंदा माझ्या डोळ्यांवर काही सोडायचं नाही," त्यांनी जाहीर केलं. "मोठ्या सामन्यांत कॅमेऱ्यात बघून निकाल देतात, तसाच देऊ."

लग्नांचं शूटिंग करणारा सनी कॅमेरा घेऊन यायला तयार झाला. शिवाय प्रत्येक गोलपाशी एक जादा पंच नेमला. एका टोकाला काशी आणि दुसऱ्या टोकाला मुद्दाम रामजी. त्याच्याच डोळ्यांनी निकाल लागला, तर रुसायला जागा कुठे उरणार?

सामना एक-एक बरोबरीत रेंगाळला. वारा पडला, सुरूच्या झाडांच्या सावल्या लांबल्या, पाणी इतकं शांत झालं की खेळाडूसुद्धा झोपेत धावताहेत असं वाटू लागलं. शेवटच्या मिनिटाला रामजीच्या गोलपाशी झुंबड उडाली. चेंडू गोलकीपरच्या पोटाखाली गेला आणि फक्कीची रेघ पायांखाली पुसून गेली. अर्धे "गोल!" म्हणून ओरडले, अर्धे "न्हाय!" म्हणून.

मास्तरांनी रामजीकडे पाहिलं. रामजीने काशीला हाक मारली. ती दुसऱ्या टोकाहून धापा टाकत आली.

"सांग मास्तरांना, मी न्हाय बघितला."

"अवो, तुमच्या पायापाशी व्हता चेंडू! मंग बघत काय व्हता?"

"सूर्य बुडत व्हता." रामजी ओशाळला. "टपरीचं तोंड रस्त्याकडं. रोज या वक्ताला माझी पाठ असते समुद्राकडं. किती वरसांनी दिसला."

काशीने कपाळावर हात मारला. आता सगळी भिस्त कॅमेऱ्यावर. सनीच्या लॅपटॉपभोवती गर्दी जमली. त्याने सवयीप्रमाणे सगळं संथ गतीत लावलं. चेंडू तरंगत गोलकडे निघाला, माणसं श्वास रोखून पुढे सरकली आणि ऐन वेळी कॅमेरा सावकाश वळून सूर्यावर जाऊन थांबला.

"चेंडू कुठाय रे?" मास्तरांनी विचारलं.

"सर, नवरा-नवरी थांबतात," सनी म्हणाला, "सूर्य थांबत नाही."

नवल म्हणजे कुणी चिडलं नाही. केशरी पाणी, खाली खाली जाणारं ते बिंब, सगळे मुकाट्याने बघत राहिले. तेवढ्यात चित्राच्या कोपऱ्यात एक पाठमोरा माणूस दिसला. कमरेवर हात, गोलकडे पाठ, तोंड थेट सूर्याकडे.

"ह्यो कोन?" काशीने विचारलं.

काळा शर्ट पंचाचा होता. मास्तर खाकरले.

रामजी वर्षभरात पहिल्यांदाच थेट त्यांच्याकडे वळला. "मास्तर, म्हंजे गेल्या वर्षी पन...?"

मास्तरांना खोटं बोलवेना. "गेल्या वर्षी याहून लाल होता रे."



"मंग तवाच हाक मारायची न्हाय का," रामजी म्हणाला. "मी बी आलो असतो."