मेट्रन राउंडवर आहेत

आमच्या कॉलनीतल्या मेट्रननी तुमचा हात हातात घेतला, तर भारावून जाऊ नका. त्या नाडी मोजत असतात. "काय म्हंता, बरं हाय न्हवं?" असं विचारत बोटं मनगटावर ठेवायची आणि नजर पदराला पिनेनं टाचलेल्या, उलट्या लटकणाऱ्या घड्याळावर. तुम्ही काय उत्तर देता याकडे त्यांचं लक्ष नसतं. खरं उत्तर नाडीनं दिलेलं असतं. मत मागायला आलेल्या एका उमेदवारानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, तेव्हा म्हणाल्या, "लय पळतीय. निवडून यायचं ऱ्हाऊ द्या, आधी मीठ कमी करा."

मी विश्रामबागेतल्या या सोसायटीची सेक्रेटरी. याद्या केल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण मेट्रन कुठल्या यादीत बसवायच्या, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. गाव आटपाडीकडचं, घर मेंढरं राखणाऱ्यांचं. लग्न केलं नाही. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून लागल्या आणि मेट्रन होऊन निवृत्त झाल्या. त्यांचं नाव विठाबाई आहे हे शेअर सर्टिफिकेटमुळं मला ठाऊक, बाकी कुणाला नाही. दवाखान्यात त्यांच्या दारावर ‘अधिसेविका’ अशी पाटी होती म्हणे. ती कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही. लोक सरळ आत डोकावून विचारायचे, "मेट्रन कुठायत?" आणि उत्तर ठरलेलं असायचं, "राउंडवर."

त्या अजूनही राउंडवरच आहेत. सकाळी एक आणि दिवेलागणीला एक असा कॉलनीचा राउंड होतो. वाटेत दिसेल तो पेशंट. माझा कुकर पेशंट, जोश्यांची स्कूटर पेशंट, कोपऱ्यावरचं लिंबाचं झाड जुना पेशंट. "ह्यो पेशंट घरघरतोय, सेक्रेटरीबाई. रिंग बदला त्येची." घरात आल्या की बसायच्या आधी पलंगाकडे जातात. चादरीचा कोपरा हवा तसा दुमडलेला नसेल तर स्वतः गादी उचलून दुमडतात. पाहुणा झोपलेला असला तरी. माझे दीर एकदा दुपारचे आडवे झाले होते, डोळे उघडले तर ते चादरीसकट कुशीवर वळवले गेले होते आणि मेट्रन सांगत होत्या, "पडून ऱ्हावा, पडून ऱ्हावा. पेशंटनं मदत करायची नस्ती."

हसू येतं, पण समोर नाही. एका वर्षी पूर चढला आणि नदीकडची माणसं आमच्या मंगल कार्यालयात आणली गेली. ओले कपडे, रडणारी पोरं, कुणाचं कुणाला कळेना. मी हातात यादी घेऊन दारात गांगरून उभी. मेट्रन आल्या, पदर खोचला आणि दोनदाच टाळी वाजवली. तासाभरात सतरंज्यांच्या दोन रांगा झाल्या, बाळंतिणी भिंतीकडे, म्हातारी माणसं दाराशी, उकळलेलं पाणी वेगळं. एक पुढारी फोटोग्राफर घेऊन आला, तर त्याला उंबऱ्यातच थोपवलं. "आवं साहेब, चपला भाईर. आनि मधी हुबं ऱ्हाऊ नगा, पेशंटचा वारा अडतोय." साहेबांनी निमूटपणे चपला काढल्या. फोटो निघाला तो झाडू मारतानाचा, कारण झाडू त्यांच्या हातात दिला गेला होता. मी आयुष्यात पुष्कळ अधिकारी पाहिले. आवाज न चढवता चालणारा अधिकार तेवढा एकदाच पाहिला.

माझी मुलगी मुग्धा त्यांची लाडकी पेशंट. लहानपणी ती तापानं फणफणायची, तेव्हा मेट्रन उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवत आणि बिरोबाच्या यात्रेची गोष्ट सांगत. "भंडारा असा उधळत्यात गं, का मानूस वळखू येत न्हाई. म्हातारं-कोतारं, बाया-बापय, समदी पिवळी. मेंढरं सुदिक पिवळी!" त्या मेंढरांपाशी मुग्धाला हटकून हसू यायचं. हसू आलं की मेट्रन म्हणायच्या, "उतरला ताप."

शाळेत असताना मुग्धानं एकदा शब्दकोशातून ‘मेट्रन’चा अर्थ त्यांना वाचून दाखवला. दवाखान्यातली मुख्य परिचारिका, वसतिगृहातल्या मुलींवर देखरेख ठेवणारी, तुरुंगातल्या बायकांवर लक्ष ठेवणारी. मेट्रन खुशीत मान डोलवत होत्या. "तुरुंग तेवढा ऱ्हायला बग माजा." मग मुग्धानं सगळ्यांत पहिला, जुना अर्थ वाचला: पोक्त, प्रतिष्ठित, लग्न झालेली, लेकुरवाळी बाई.

"आगं बया!" मेट्रन हसल्या. "म्हंजे सरकारनं मला फुकटच संसारी केली की!" आणि उठून, मघाशीच दुमडलेला चादरीचा कोपरा पुन्हा दुमडायला लागल्या.

गेल्या हिवाळ्यात मुग्धाचं लग्न ठरलं. मेट्रननी आठवडाभर घर ताब्यात घेतलं. आचाऱ्याची नखं तपासली, पाण्याची टाकी धुऊन घेतली, नवऱ्या मुलाची नाडी बघून "चालंल" असा शेरा दिला. हळदीच्या सकाळी मार्केट यार्डातून आणलेली राजापुरी हळद तेलात कालवून झाली. वाईहून आलेल्या माझ्या नणंदबाईंनी पाच सवाष्णी ओळीत उभ्या केल्या. घरचे देवधर्म, सोवळंओवळं सगळं त्यांच्याकडे. मुग्धा पाटावर बसली, इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं, "मेट्रन कुठायत?"

"राउंडवर," मी सवयीनं म्हणाले. कॉलनीतल्या प्रत्येक लग्नात हळदीच्या वेळी मेट्रनचा राउंड निघतो, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवलं.

"पहिली हळद मला त्यांच्याकडून लावून घ्यायचीय."

नणंदबाईंनी वाटी खाली ठेवली. "अगं बाळ, त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण हळदीला सवाष्ण लागते."

"मग मी बसते अशीच, आत्या."

मुहूर्त निघून चाललेला. सवाष्णी आंब्याची पानं हातात धरून ताटकळलेल्या. मी मध्ये पडणार तोच मुग्धानं मला जवळ बोलावलं. "आई, खिडकीतून हाक मार. म्हणावं, पेशंट सीरियस आहे."

मी हाक मारली. फाटकाशी उभ्या असलेल्या मेट्रन सत्तरी विसरून जिना चढून आल्या. आल्या त्या थेट पाटाशी बसल्या, मनगट धरलं, घड्याळाकडं पाहिलं.

"नाडी झ्याक हाय. नाटकं करतीस व्हय गं?"

मुग्धानं त्यांचा हात घट्ट धरला. "हळद लावा मला."

मेट्रनचा चेहरा उतरलेला मी पुरातही पाहिला नव्हता. हात सोडवायचा प्रयत्न करत त्या हळूच म्हणाल्या, "सोड पोरी. मला कुटं हळद लागली हाय? आनि हितं शुभकार्यात कशाला उगं? तुजं समदं बरं व्हाया पायजे. म्या फाटकात हुबी ऱ्हाती, तितनं बी दिसतंय मला."

इतक्या लग्नांत त्या फाटकात उभ्या राहून बघत होत्या तर.

"बिरोबाच्या भंडाऱ्याला विचारतात का, तुमचं लग्न झालंय का म्हणून?" मुग्धानं हात सोडला नाही. "मेंढरांना चालतो ना? मग तुम्हाला का नाही चालत?"

एक सवाष्ण खुदकन हसली. मग सगळ्यांनी नणंदबाईंकडं पाहिलं. त्यांनी मेट्रनकडं पाहिलं, मुग्धाकडं पाहिलं, आणि हळदीची वाटी मेट्रनपुढं सरकवली. "लावा हो विठाबाई. मुहूर्त काय तुमच्या राउंडसाठी थांबतोय?" निमंत्रणांच्या यादीत मी पूर्ण नाव लिहिलं होतं, ते त्यांनी नेमकं वाचलेलं.

मेट्रन उठल्या. मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात साबणानं धुतले, ऑपरेशनला जाताना धुवावेत तसे. घासून घासून धुतले. पाण्याचा आवाज जरा जास्तच वेळ येत राहिला. परत आल्या तेव्हा डोळे लाल होते. "साबण गेला," म्हणाल्या.

त्यांनी आंब्याचं पान घेतलं नाही. बोटांनीच हळद घेऊन मुग्धाच्या पावलांना, गुडघ्यांना, खांद्यांना लावली, आणि शेवटी कपाळाला, जिथं एकेकाळी त्या पट्ट्या ठेवायच्या. मुग्धानं वाटीत बोटं बुडवून ती त्यांच्या दोन्ही गालांना पुसली. मग इतर बायका पुढं झाल्या, गाणी सुरू झाली, मी पुन्हा कामाला लागले.

जाता-येता मी पाहत होते. मेट्रन पाटाशेजारी बसून होत्या, गाल पिवळे, मुग्धाचा हात हातात. बोटं मनगटावर नव्हती. पदराचं घड्याळ उलटं लटकत होतं, आणि त्यांनी त्याच्याकडं एकदाही पाहिलं नाही.