प्लाझ्मात बसलेला माणूस

"माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही. अख्ख्या आंबेगाव तालुक्यात माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही," असं कुंडलिकराव स्वतःबद्दल सांगतात. दुसरं वाक्य खरं आहे; तालुक्यात दुसरा गुप्तहेरच नाही. कळंबला त्यांची पिठाची गिरणी आहे. अंगावर कायम पीठ असल्यामुळे वेषांतराची गरज पडत नाही. मी एरवी दळणाचे डबे उचलतो, तपासाच्या वेळी वही धरतो.

२००८च्या एप्रिलमध्ये जानकाबाईंचा निरोप आला. मंचरच्या दुकानदाराने त्यांच्याकडे दोन दिवस पारखायला दोन टीव्ही ठेवले होते, एक प्लाझ्मा, एक एलसीडी. आज पाच वाजता टेम्पो येऊन एक परत नेणार होता. दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत प्लाझ्माच उठून दिसला होता. घरी मात्र त्यात एक माणूस बसलेला होता.

"बातम्या लावा, सिरियल लावा, ह्यो हायेच," जानकाबाई म्हणाल्या. "संध्याकाळी लोडशेडिंग. दुपारची एक सिरियल बघाया मिळती, तर त्यात बी ह्यो. एलसीडीत न्हाई."

कुंडलिकरावांनी पडद्याला नाक लावलं. "पांढरी टोपी. बसण्याची ढब संशयास्पद. लिही."

मी लिहिलं.

"टीव्ही सेकंडहँड आहे. आधीच्या घरातला म्हातारा काचेला चिकटलाय."

"काका, खोकं आमीच फोडलं," मेथी निवडता निवडता जानकाबाईंची मुलगी कल्याणी म्हणाली.

"मग एलसीडी बनवणाऱ्यांनी पेरलेला हेर आहे. एलसीडी चपटा, त्यात माणूस मावत नाही." त्यांनी प्लाझ्माची जाडी बोटांनी मोजली. "चार बोटं. इसम बारीक अंगाचा आहे. लिही."

तेवढ्यात सिरियलमधली सासू जिन्यावरून घसरली आणि टोपीवाला खांदे हलवत हसला.

कुंडलिकराव दोन पावलं मागे आले. कल्याणीने मान वळवून उघड्या दारातून बाहेर पाहिलं. त्या घरातून तिकडे दोन वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं. समोर सोपानचा ओटा. पन्हाळीच्या पाण्यावरून दोन्ही घरांत अबोला, आणि तो इतका कडक की नजरसुद्धा तिकडे जायची नाही. दिवसा दार लावायचं नाही, हाही नियमच. दार लावलं म्हणजे आपण हरलो.

"सोपानमामा, हात हलवा बरं."

ओट्यावर सोपानने हात हलवला, आणि प्लाझ्माच्या आरशासारख्या काचेतल्या माणसानेही.

जानकाबाई उठल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा हात कडीकडे गेला.

"वहिनी, दार नका लावू," ओट्यावरून आवाज आला. "सासू पडली, म्होरं काय व्हतंय तेवढं बघू द्या."

दोन वर्षांतलं हे पहिलं वाक्य. जानकाबाई थबकल्या. "इतक्या लांबून टीव्हीतलं ऐकू तरी येतं का?"

"न्हाई. टीव्ही मोठा आला म्हणून कालपासनं बसलो. तोंडं बघून अंदाज लावतो. ती हिरवी साडीवाली सून लई वंगाळ हाय ना?"

"सून कसली? नणंद हाय ती." जानकाबाईंचा हात कडीवरून खाली आला. "कायतरीच बघत बसलाय. या आत."

पाच वाजता प्लाझ्मा टेम्पोत चढला. कुंडलिकरावांनी मला शेवटची नोंद सांगितली: "संशयिताला पडद्यातून बाहेर काढण्यात यश."

आत सोपान चहाचा कप घेऊन एलसीडीसमोर मांडी घालून बसला होता, टोपीसकट.

"भाऊ, जरा सरका की बाजूला," जानकाबाई म्हणाल्या. "दिसंना काय."