साळिंदरशेठची गिरकी

एका जंगलात, बाळांनो, डान्स क्लब निघाला. हसताय काय? तुमच्या गल्लीत निघतो, मग जंगलानं काय घोडं मारलंय?

वडाखालची जमीन सारवून घेतलेली. सुतार पक्षी खोडावर ठेका धरायचा. नाचायचं जोडीनं. ज्याच्याबरोबर नाचायचं, त्याच्यापुढे पळसाचं पान धरायचं. हात रिकामे आणि पाय धड असतील तर पान नाकारायचं नाही, अशी रीत. आणि वसंताच्या जत्रेत ज्याला जोडीदार मिळणार नाही, त्यानं पुढचं वर्षभर कुंपणाबाहेर बसून नुसत्या टाळ्या वाजवायच्या.

साळिंदरशेठ या क्लबात पहिल्या दिवसापासून. मधाचं दुकान, बोलणं त्याहून गोड, आणि नाचाची भारी हौस. पण नाचायचे ते फक्त आपल्या मित्रांबरोबर. ससेभाऊ, मुंगूसराव आणि हरणाताई.

"अनोळख्याच्या हातात हात कसा द्यायचा?" शेठ म्हणायचे. "कोण, कुठला, पाय तरी धुतो की नाही!"

मित्र म्हणायचे, "शेठ, तुमच्यासारखी गिरकी पंचक्रोशीत नाही."

खरंच नव्हती. गिरकी घेताना शेठ रंगात यायचे, आणि रंगात आले की त्यांचे काटे फुलायचे. जोडीदार तोंडानं "वाहवा" म्हणायचा आणि घरी जाऊन पालथा पडून काटे उपटून घ्यायचा.

यंदाची जत्रा आली. शेठ पान घेऊन ससेभाऊंकडे गेले.

"पाय मुरगळलाय हो," ससेभाऊ म्हणाले, आणि टुणकन उडी मारून सरबताच्या रांगेत गेले.

मुंगूसरावांच्या दोन्ही हातांत भज्यांच्या बशा. एक संपली की लगेच दुसरी उचलायचे. हरणाताईंच्या कडेवर नणंदेचं पाडस, आणि पाडस केव्हाच झोपलेलं असूनही त्या त्याला झुलवतच होत्या.

शेठच्या हातातलं पान कोमेजलं.

"शेवटचा नाच!" सुतार पक्षी ओरडला.

कुंपणाबाहेर गेल्या वर्षीचं कासव बसलं होतं. त्यानं जरा सरकून शेजारी जागा केली.

शेठनी घाईघाईनं चौफेर पाहिलं. खांबाला टेकून एक नवखी बाई उभी होती. दुसऱ्या जंगलातून आलेल्या खवलेबाई, जातीच्या खवले मांजर. शेठनी पान पुढे केलं.

"चला की," बाई म्हणाल्या.

दोन पावलं बरी पडली. मग शेठनी आपली ती गिरकी घेतली.

"अहो, अहो! काटे आवरा!" खवलेबाई ओरडल्या. "माझ्या अंगावर खवले आहेत म्हणून वाचले. एखाद्या सशाची चाळणी झाली असती!"

"पण माझे मित्र तर म्हणतात..."

"मित्रांचं तोंड बघू नका, पाठ बघा."

शेठनी बघितलं. एवढ्या उन्हाळ्यात तिघेही पाठीवर घोंगडी घेऊन आले होते.

आता शेठ काही कच्चे व्यापारी नव्हते. नवं गिऱ्हाईक मधाचं बोट चाटून तोंडावर सांगतं, "कडू आहे." जुनं गिऱ्हाईक "छान आहे" म्हणतं आणि हळूच दुसरं दुकान धरतं. दुकानात हे त्यांना पाठ होतं. नाचात कधी सुचलं नव्हतं.

"वळताना श्वास सोडा," बाई म्हणाल्या. "काटे आपोआप बसतील."

शेठनी श्वास सोडला. काटे बसले. नाच पुरा झाला आणि टाळ्यांची शिक्षा टळली. कासव बिचारं पुन्हा मधोमध सरकलं.

मित्र धावत आले. ससेभाऊ तर रागानं लाल.

"इतकी वर्षं आम्ही टोचून घेतलं, ते प्रेमापोटी! आणि ही बाई पहिल्याच गाण्यात बोलून मोकळी? काही रीतभात?"

"अरे, मग सांगायचं ना!"

"सांगून तुमचं मन दुखवायचं?"

"आणि तुमची पाठ?"

"पाठ मागे असते, शेठ. तुमचं तोंड समोर असतं."

यावर सगळेच हसले. घोंगड्या निघाल्या. त्या संध्याकाळी शेठ तिघांबरोबर नाचले आणि कोणाला एक काटा लागला नाही. खवलेबाईंना मानानं मित्रांच्या घोळक्यात बसवलं. मधाचं सरबत पाजलं. माहेर कुठलं, मुलं किती, सगळं विचारून झालं. निघेपर्यंत त्या खवलेताई झाल्या.

पुढच्या नाचाच्या दिवशी शेठनी आधी ताईंपुढेच पान धरलं. काटे अगदी चापून बसले होते. त्या आनंदात शेठचा पाय, सगळ्या वजनानिशी, ताईंच्या शेपटीवर पडला.

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लागलं का हो, ताई?"

"छे हो!" ताई हसून म्हणाल्या. "तुमच्यासारखी गिरकी पंचक्रोशीत नाही."

शेठ थांबले. त्यांनी ताईंना अदबीनं जागेवर नेऊन बसवलं, एक ताजं पान खुडलं आणि कोणी नवखं आलंय का ते बघायला फाटकाकडे निघाले.

तात्पर्य: नाच सुधारायचा असेल तर अनोळख्याबरोबर नाचावं. मात्र नंतर त्याला सरबत पाजू नये. एक चांगला टीकाकार हातचा जातो आणि त्याच्या जागी आणखी एक मित्र मिळतो.