म्हैस एक, डॉक्टर सात

गडमुडशिंगीच्या एका दूध संस्थेत त्या सोमवारी नवं सॉफ्टवेअर चालू झालं, आणि सकाळी आठलाच झुंबरबाईंची म्हैस अडली. रेडकू पोटात आडवं आलं होतं. झुंबरबाईंनी शिकवल्याप्रमाणे मोबाइलवरचं हिरवं बटण दाबलं आणि त्या म्हशीपाशी जाऊन बसल्या.

पुढचं काम यंत्रांचं होतं. संस्थेच्या संगणकाने शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरांच्या कंपनीला, म्हणजे तिथल्या संगणकाला, निरोप द्यायचा. तिकडून ‘डॉक्टर निघाले’ असं उत्तर यायचं. पण उत्तरच आलं नाही तर? सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या क्रांतीने हे भर सभेत चेअरमन हंबीररावांना विचारलं होतं.

“एकदा सांगून पावणं जेवायला येतंय व्हय?” हंबीरराव म्हणाले होते. “हो म्हणस्तवर सांगत ऱ्हायचं.”

क्रांतीने तसंच लिहिलं. उत्तर येईपर्यंत दर पाच मिनिटांनी पुन्हा निरोप.

त्या सकाळी कंपनीचा संगणक मंदावला होता. निरोप त्याला पोहोचत होता, उत्तर मात्र वाटेत अडकत होतं. शेजारणीकडे विरजण मागायला लेकराला पाठवावं, तिने वाटी भरून द्यावी आणि लेकरू वाटेत खेळत बसावं, तशी गत. आपल्याला वाटतं विरजण मिळालंच नाही. आपण दुसऱ्या लेकराला पाठवतो, आणि शेजारीण बिचारी दुसरी वाटी भरते.

साडेआठनंतर एकदाचं उत्तर आलं, तोवर सात निरोप गेले होते. सव्वानऊपर्यंत झुंबरबाईंच्या दारात सात मोटारसायकली उभ्या राहिल्या. पहिल्या आलेल्या डॉक्टर मेहक यांचे हात धुऊन होईपर्यंत दुसरे आले, त्यांची ओळख होईतो तिसरे. निघून जायला कुणीच तयार नव्हतं, कारण जनावर तपासून त्याचा फोटो पाठवल्याशिवाय परतायचं नाही, असा कंपनीचा नियम. गल्लीत बातमी पसरली की झुंबरबाईंच्या नातीला बघायला पाहुणे आलेत. दोन बायका तर पोह्यांचं विचारायला आल्या.

हंबीररावांनी क्रांतीला फोन करून एवढंच सांगितलं, की उद्यापासून सॉफ्टवेअर बंद, पुन्हा वही. ती धावत गोठ्यात आली, तेव्हा मेहक कोपरापर्यंत हात घालून म्हशीमागे बसल्या होत्या.

“एकटीनं वळायचं न्हाई हे,” त्या म्हणाल्या. “दोघं दोर धरा. एकानं सलाईन लावा. बाकीच्यांनी म्हस धरा. फोटो मग काढा.”

पाऊण तास सगळे झटले. सव्वादहाच्या सुमाराला रेडकू बाहेर आलं, शिंकलं आणि धडपडत उभं राहिलं. सात डॉक्टरांनी त्याचे सात फोटो पाठवले. कंपनीच्या नोंदीत त्या दिवशी झुंबरबाईंच्या म्हशीला सात रेडकं झाली.

गोठ्यात येऊन पोहोचलेले हंबीरराव रेडकू बघून लगेच विरघळले. वहीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. झुंबरबाईंनी तर क्रांतीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. क्रांतीने गप्प राहायला हरकत नव्हती, पण ती हट्टाची.

“ही चूक हाय, साहेब. मी दुरुस्त करणार.”

“सात जणांनी म्हस वाचवली, आन चूक म्हणतीस?”

“न्हाई म्हणणं येगळं आन गप बसणं येगळं. मशीनला त्यातला फरकच कळला न्हाई. ह्या सातांतल्या एकाची वाट दुसऱ्या गावात कोण बघत असंल तर?”

क्रांती चार दिवस संगणकापुढून हलली नाही. आता प्रत्येक तक्रारीला स्वतःचा नंबर मिळाला. उत्तर आलं नाही तर त्याच नंबरने पुन्हा विचारायचं, म्हणजे कंपनीला कळावं की मागणी नवी नाही, जुनीच आहे. तेही तीनदाच. मग थांबायचं आणि माणसाला फोन करायचा. कंपनीनेही हे मान्य केलं. एका तक्रारीला एक डॉक्टर. सभासदांना बोलावून तिने हे नीट समजावूनही सांगितलं.

पुढच्या सोमवारी त्याच गल्लीत केरबांची म्हैस अडली. क्रांती पडद्यासमोर श्वास रोखून बसली. निरोप गेला, उत्तर नाही. त्याच नंबरने पुन्हा गेला. उत्तर आलं, एक डॉक्टर निघाले. तिने चहाचा कप उचलला.

तेवढ्यात दुसरी तक्रार आली. मग तिसरी. पाहता पाहता सात तक्रारी, सात घरांतून, सात वेगळ्या नंबरांनी. सॉफ्टवेअरने एकही नियम मोडला नाही. सात डॉक्टर निघाले.

क्रांती केरबांच्या गोठ्यात पोहोचली, तेव्हा झुंबरबाई दोर सोडवत होत्या. त्या म्हणाल्या, “तूच सांगितलंस न्हवं, मशीन आता एकच डॉक्टर बोलवतंय म्हणून? ऱ्हाऊ दे की. बाकीचं गल्लीनं बोलवलं.”

क्रांतीने मोबाइलवर यादी उघडली. सहा नावं खुद्द केरबांची आणि त्यांच्या पाच शेजाऱ्यांची होती. सातवं हंबीररावांचं होतं, आणि त्यांच्या दावणीला चार वर्षांत म्हैसच नव्हती.